फ्रेस्नो काउंटी ब्लॉसम ट्रेल

फ्रेस्नो काउंटी ब्लॉसम ट्रेल हा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील फ्रेस्नो काउंटीमधील, बहरलेल्या फळबागांमधून जाणारा सुमारे ६२ मैल (१०० किमी) लांबीचा निसर्गदर्शन मार्ग आहे. नावात 'ट्रेल' म्हणजे पायवाट असली, तरी हा मार्ग मोटारीने फिरण्याचा असून तो नेहमीच्याच ग्रामीण रस्त्यांवरून आखलेला आहे. दरवर्षी साधारणपणे फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या मध्यापर्यंत येथे बहर असतो. या बागा शोभेसाठी लावलेल्या नसून व्यापारी उत्पादनाच्या आहेत, आणि पर्यटकांना जे आठवडे सर्वांत सुंदर वाटतात तेच बागायतदारांच्या दृष्टीने वर्षातील सर्वाधिक जोखमीचे असतात.

मार्ग आणि परिसर

फ्रेस्नो शहराच्या आग्नेयेकडून निघणारा हा मार्ग सँगर, ऑरेंज कोव्ह, रीडली अशा लहान शेतीप्रधान गावांच्या परिसरातून जातो. आकाश निरभ्र असल्यास पूर्वेस सिएरा नेवाडा पर्वतरांगेची बर्फाच्छादित शिखरे दिसतात. जवळचे सेल्मा हे गाव बेदाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील बेदाण्यांचे प्रमुख वाण थॉमसन सीडलेस हे नाशिक व सांगली भागातील द्राक्ष बागायतदारांच्याही चांगल्या परिचयाचे आहे. मात्र द्राक्षवेलींची फुले बारीक व हिरवट असतात आणि ती उशिरा येतात. त्यामुळे या देखाव्यात वेलींचा वाटा जवळजवळ नाही.

बहराचा क्रम

सर्वप्रथम बदाम फुलतो. त्याची फुले पांढरी किंवा फिकट गुलाबी असतात आणि पाने फुटण्यापूर्वीच येतात. त्यामुळे दूरवरून फांद्यांवर बर्फ साचल्याचा भास होतो. त्यापाठोपाठ प्लम (आलुबुखार) व जर्दाळू, आणि नंतर पीच व नेक्टरीन बहरतात. गडद गुलाबी रंग मुख्यतः या शेवटच्या दोन झाडांचा असतो. संत्र्यासारखी लिंबूवर्गीय झाडे सदाहरित असून त्यांची पांढरी, सुगंधी फुले त्यानंतर येतात. ऑरेंज कोव्हच्या बाजूला पर्वतपायथ्याशी त्यांच्या बागा अधिक आहेत. एकाच फेरीत सर्व बहर दिसणे त्यामुळे कठीण असते. फेब्रुवारीत आलेल्यास पांढरा, तर मार्चमध्ये आलेल्यास गुलाबी रंग अधिक दिसतो.

हिवाळ्याची थंडी

या पानझडी झाडांना वेळेवर व एकसारखे फुलण्यासाठी हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळावी लागते. ती सामान्यतः ७ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली गेलेल्या तासांमध्ये मोजतात. सेंट्रल व्हॅलीत हिवाळ्यात पडणारे दाट 'तुले' धुके सूर्यकिरण अडवून कळ्या दिवसाही थंड ठेवते. वाहनचालकांना धोकादायक असलेले हे धुके बागांना उपकारक ठरते. अलीकडच्या दशकांत ते कमी झाल्याचे आढळले आहे. थंडी अपुरी पडल्यास बहर विस्कळीत होतो आणि फळधारणा घटते.

मधमाश्या

बदामाच्या बहुतेक प्रचलित वाणांमध्ये स्वतःच्या परागकणांनी फळ धरत नाही. म्हणून एकाच बागेत एकाच सुमारास फुलणाऱ्या निरनिराळ्या वाणांच्या रांगा आलटूनपालटून लावतात. एका रांगेतील पराग दुसऱ्या रांगेत पोहोचवण्याचे काम मधमाश्या करतात. त्यासाठी देशाच्या इतर राज्यांतूनही ट्रकांवरून पेट्या भाड्याने आणल्या जातात. एकरी साधारण दोन पेट्या हे प्रचलित प्रमाण आहे. पाऊस, जोराचा वारा किंवा थंडी असल्यास माश्या पेटीबाहेर फारशा पडत नाहीत, आणि बदामाचा बहर तर पावसाळी दिवसांतच येतो. हवा सतत वाईट राहिली तर फुले असूनही पीक हातचे जाते. पीच व नेक्टरीनची बहुतेक वाणे स्वफलित असल्याने त्यांना हा प्रश्न तितका भेडसावत नाही.

गोठवणारी रात्र

पूर्ण उमललेले फूल व नुकतेच धरलेले फळ यांना शून्याखाली दोन-तीन अंश तापमानही घातक ठरू शकते. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा सर्वांत थंड होते व तिच्या वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. काही बागांमध्ये उंच खांबांवर बसवलेले मोठे पंखे ही वरची हवा खाली मिसळतात. काही ठिकाणी आधीच पाणी सोडून जमीन ओली ठेवतात, कारण ओली जमीन दिवसा साठवलेली उष्णता रात्री अधिक देऊ शकते.

हे पाणीही सहज मिळणारे नाही. खोऱ्यात पाऊस अल्प असल्याने बागा किंग्स नदी, कालवे आणि विहिरींवर अवलंबून आहेत. भूजलाच्या अतिउपशाला आवर घालण्यासाठी राज्याने २०१४ मध्ये कायदा केला.

पर्यटन

जवळपास सर्व बागा खासगी मालकीच्या आहेत. रस्त्यावरून पाहणे व छायाचित्रे काढणे चालते, परंतु परवानगीविना आत शिरणे, फांद्या तोडणे किंवा मधमाश्यांच्या पेट्यांजवळ जाणे टाळावे लागते. अनेक रस्ते अरुंद असून त्यांवर ट्रॅक्टर व मालवाहू ट्रक यांची कामाची ये-जा सुरू असते. जुनी झाडे काढून नवी लागवड होत असल्याने गेल्या वर्षी गुलाबी दिसलेला पट्टा यंदा नुसती नांगरलेली जमीन असू शकतो.