नऊ नावांचं घर

१९८७ साली मी एमटीएनएलमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. १९७ फिरवलं की पलीकडून आमच्यापैकी कुणीतरी विचारायचं, "नाव सांगा, पत्ता सांगा." अर्धवट आडनाव आणि एखाद्या गल्लीचं नाव एवढ्यावरून माणूस शोधून देण्यात माझी बरीच वर्षं गेली. २०२०च्या जानेवारीत स्वेच्छानिवृत्ती घेतली. पुढच्या वर्षी कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत मला एक बंद घर आवडलं, आणि ते विकत घ्यायचं तर आधी माणसंच शोधावी लागणार होती.

कर्ली नदीच्या अलीकडे, माडांच्या उतारावर ते घर होतं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे परसू आणि विहीर. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. वारा लागला की कठीण होतो. म्हणून भिंती ताठ उभ्या होत्या. छपराची मात्र दशा झाली होती. पूर्वी रोज चूल पेटायची, धूर वाशांत मुरायचा आणि वाळवी लांब राहायची. धूर थांबला की आधी रिपा जातात, मग वासे, मग कौलं घसरून पाऊस थेट माजघरात येतो. कोकणात अशी घरं वाडीवाडीत दिसतात. त्यांतली बरीच माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, तिथून मनीऑर्डरी येत राहिल्या, पोरं तिकडेच वाढली. १९८२च्या संपानंतर काहीजण परत आले, बरेच आले नाहीत. घर वर्षाकाठी गणपतीला उघडायचं. पुढे तेही थांबलं.

ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा मध्यस्थाने पहिल्याच दिवशी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, कागद चोख आहेत. इथेच पुष्कळजण फसतात. असेसमेंटचा उतारा कर कोणाकडून घ्यायचा ते सांगतो. मालकी त्यावरून सिद्ध होत नाही. मालकी पाहायची सातबाऱ्यावर. घाटावर घरं गावठाणात एकमेकांना लागून असतात. कोकणातली वाडी विखुरलेली. घर कित्येकदा शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरातच उभं असतं. म्हणजे घर घेताना खरं तर शेतजमीन घ्यायची असते, आणि १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे ती बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही.

मी शेतकरी होते, ते माझ्या भावामुळे. वडील गेले तेव्हा माण तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू रानावर माझं नाव वारस म्हणून लागलं. बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायची आमच्याकडे रीतच आहे. नातेवाईक त्याच्या मागे लागले होते. तो म्हणाला, "अक्काचं नाव असू दे, ते काय जड होतंय?" त्या एका ओळीवर मला कोकणात घर घेता आलं. हे मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही.

वाडीतल्या त्या सातबाऱ्यावर मालक म्हणून एकच नाव होतं आणि त्यापुढे तीन अक्षरं, ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं, मालकी सगळ्या कुटुंबाची. ते गृहस्थ वारून तीस वर्षं झाली होती. मध्यस्थाचं म्हणणं, मुंबईतल्या तिघा भावांच्या सह्या घेऊ; बहिणी काय, कधीच्या लग्न होऊन गेल्या. मी तिथेच त्याचं काम थांबवलं. माझं नाव कुणी असं गाळलं असतं तर मी आज त्या पडवीत उभीच राहिले नसते.

मग मी वही केली. जुन्या सवयीने पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात पत्ता, तिसऱ्यात फोन. नऊ हिस्सेदार निघाले. लालबागला थोरली बहीण, डिचोलीला धाकटी, एक पुतण्या वडोदऱ्याला, बाकीचे विरारपासून कोल्हापूरपर्यंत. काहींना आपला हिस्सा आहे हेच ठाऊक नव्हतं. एकजण भडकला, दोन महिने फोन घेईना. वडोदऱ्याच्या पुतण्याने नोंदवलेलं मुखत्यारपत्र पाठवलं. आधी वारसनोंद, मग नऊ नावांचा नवा सातबारा, मग मोजणी, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि शेवटी खरेदीखत. चौदा महिने लागले. खरेदीखत झालं की संपलं, असंही नाही. फेरफाराची नोंद पडते, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात, तेव्हा कुठे सातबाऱ्यावर आपलं नाव दिसतं. एक गोष्ट आवर्जून सांगते: सातबारा हातात आला की मालकाच्या नावाआधी 'इतर हक्क' हा रकाना वाचा. कूळ, कर्जाचा बोजा, विहिरीतला वाटा, असं सगळं तिथे बसलेलं असतं.

पण माझ्या घरात शिरायची वाटच कुठल्या कागदावर नव्हती. पाणंदीतून वर आलं की ती शेजारच्या काकींच्या खळ्यातून जाते. खळं म्हणजे अंगण. दिवाळीनंतर चोपून, शेणाने सारवून ते आरशासारखं करतात, तिथे भात झोडतात, सुपारी वाळवतात. त्यातून मी रोज जाणार. वकील म्हणाले, १८८२च्या कायद्याने वीस वर्षांची वहिवाट दाखवता येईल, लेखी करून घ्या. मी कागद न नेता काकींकडे गेले. त्या सुपारी सोलत होत्या.

"वाट काय माझी एकटेची नाय गो," त्या म्हणाल्या. "तू चल, तुझी माणसां चलांदे. फकत गडगो घालू नको. माझी म्हस तुझ्या परसातसून व्हाळार जाता."

हे त्या का म्हणाल्या ते वाडीत फिरल्यावर कळलं. बाहेरून आलेला माणूस जागा घेतो आणि पहिलं काम करतो ते कंपाउंडचं. पुरुषभर चिरे, लोखंडी गेट, कुलूप. त्याच्या नकाशावर मोकळी दिसणारी जागा म्हणजे कुणाची तरी व्हाळाकडे, देवळाकडे, मसणाकडे जाणारी वाट असते. भिंत उभी राहते आणि म्हातारी माणसं दुप्पट चालू लागतात. त्या भिंती पाहून माझ्या पोटात तुटतं. हद्द कळावी म्हणून मोजणीचे दगड पुरेसे असतात. माझ्या परसातून काकींची म्हैस सकाळी सातच्या सुमाराला जाते. तिच्या वाटेवर मी काही लावत नाही.

गावकऱ्यांनी सांगितलं, जागेच्या राखणदाराला नारळ ठेवायला हवा. वाडीतल्या जाणत्याने फणसाखाली उभं राहून गाऱ्हाणं घातलं आणि मी कोण, कुठली, कशासाठी आले ते सगळं देवाला सांगितलं. जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होती. सातबाऱ्यावर नाव लागलं त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. त्या फणसाखाली मला रडू आलं.

छपर पहिल्याच मे महिन्यात उतरवलं. फणसाचे खांब धडधाकट होते, किंजळाचे निम्मे वासे बदलले, कौलं एकेक घासून पुन्हा चढवली. पावसात वीज दोन-दोन दिवस जाते, कपाटातल्या साड्यांवर बुरशी धरते, आणि मोठ्या डॉक्टरासाठी कुडाळच गाठावं लागतं. साठी जवळ आलेल्या माणसाने याचा हिशेब आधी मांडावा. मी औषधं दोन महिन्यांची भरून ठेवते आणि रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलाय. शांतता म्हणाल तर मला वाटली होती तशी ती नाही. जुलैत कौलांवरच्या पावसात शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही. पाऊस थांबला की मात्र पागोळ्या मोजता येतात.

ओटीच्या तुळयांना गणपतीची माटवी टांगलेली होती, रिकामी, लाकडी चौकट. त्या कुटुंबाचा गणपती आता खालच्या वाडीत चुलतभावाकडे बसतो. माटवी मी काढली नाही. गेल्या चतुर्थीला लालबागची थोरली बहीण तिथे दर्शनाला आली होती; तिसऱ्या दिवशी नातवाचा हात धरून वर चढून आली. पुढच्या दाराला न येता ती घराला वळसा घालून थेट परसात गेली, विहिरीच्या काठावर हात टेकून वाकली.

"मार्चात तळ दिसता काय गो अजून?"

"एप्रिलात," मी म्हटलं. "गाळ काढला यंदा."

"माझ्या बापाशीन काढूक व्हयो होतो," ती म्हणाली, आणि रहाट फिरवून स्वतःच एक कळशी वर ओढली.