आइस हॉकीचा गोलरक्षक: पाच गैरसमज

आइस हॉकीचा गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असतो. त्याच्यापुढे जाडजूड पॅड, छातीचे कवच आणि मास्क असा जामानिमा करून उभा राहिलेला माणूस पाहिला, की निम्मा गोल त्याने नुसत्या आकारानेच झाकला असे वाटते. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही या खेळातील सर्वांत मोठी व्यावसायिक लीग. तिथल्या गोलरक्षकांच्या कारकिर्दी पाहिल्या, तर या कामाविषयीच्या बऱ्याच समजुती मोडतात.

गैरसमज १: सगळी करामत चपळ हातांची.

वस्तुस्थिती: पक म्हणजे कडक रबराची, सुमारे १७० ग्रॅम वजनाची चकती. ती फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवतात. ताशी १६० किलोमीटर वेगाने नऊ मीटरवरून मारलेला पक साधारण एक पंचमांश सेकंदात गोलापाशी येतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच माणसाला जवळपास तेवढा वेळ लागतो. त्यामुळे चांगला गोलरक्षक फटक्याआधीच योग्य जागी पोहोचलेला असतो. मारणाऱ्याची काठी, त्याचे खांदे, पलीकडे मोकळा असलेला त्याचा साथीदार, सगळे तो टिपत असतो. तो गोल सोडून थोडा पुढे सरकला, की मारणाऱ्याला दिसणारी मोकळी जागा आक्रसते. पण फार पुढे आला आणि पक बाजूच्या साथीदाराकडे गेला, तर मागे गोल उघडा पडतो. हा हिशेब क्षणोक्षणी बदलतो, म्हणून स्केटिंग कच्चे असलेल्याचे इथे काम नाही. बाकीचे खेळाडू मिनिटाभराच्या आत बदलतात. गोलरक्षक सहसा पूर्ण ६० मिनिटे बर्फावर असतो.

गैरसमज २: एवढ्या पॅडमध्ये इजा कुठली व्हायला?

वस्तुस्थिती: १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका मॉन्ट्रियलचा गोलरक्षक जॅक प्लांट याच्या तोंडावर बसला. टाके पडले. मास्कशिवाय परत खेळणार नाही, असे प्लांटने ठणकावले. संघाजवळ दुसरा तयार गोलरक्षक नव्हता, म्हणून मास्क नको म्हणणाऱ्या प्रशिक्षकांचा नाइलाज झाला. तिथून मास्क रुळत गेला आणि चेहरे वाचले. आता त्रास होतो तो खुब्याला आणि गुडघ्याला. दोन्ही गुडघे बर्फावर टेकून पाय बाहेर फाकवण्याची ‘बटरफ्लाय’ पद्धत गोलरक्षक पॅट्रिक रुआमुळे घरोघरी पोहोचली. गोल खालून झाकायला ती उत्तम, पण सांध्यांवर तिचा ताण मोठा. २०१५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला कॅरी प्राइस गुडघ्याच्या दुखण्यामुळे २०२२ नंतर, म्हणजे वयाच्या चौतिसाव्या वर्षानंतर, मैदानात उतरू शकला नाही.

गैरसमज ३: शंभरातले नव्वद फटके अडवले, म्हणजे उत्तमच.

वस्तुस्थिती: परीक्षेत नव्वद टक्के म्हणजे पेढे, गोलात मात्र ती केवळ सरासरी. एका सामन्यात ३० फटके धरले, तर ६० सामन्यांत १,८०० होतात. नव्वद टक्केवाला त्यांतले १८० गोल खातो, ब्याण्णव टक्केवाला १४४. दोन टक्क्यांचा फरक ३६ गोलांचा पडतो आणि तेवढ्यात संघाचा हंगाम फिरतो. शिवाय हा आकडा काळाप्रमाणे बदलतो. दहा वर्षांपूर्वी लीगची सरासरी साडेएक्याण्णवच्या आसपास होती. अलीकडे ती नव्वदपर्यंत उतरली आहे.

गैरसमज ४: मोठा गोलरक्षक अठराव्या वर्षीच ओळखू येतो आणि तिशीनंतर उतरणीला लागतो.

वस्तुस्थिती: एनएचएलचे संघ नवे खेळाडू ड्राफ्टमध्ये क्रमाने निवडतात. १९८३ मध्ये डोमिनिक हाशेकची निवड १९९ व्या क्रमांकावर झाली. पुढे सर्वोत्तम गोलरक्षकाची वेझिना ट्रॉफी त्याने सहा वेळा जिंकली, त्यातली पहिली एकोणतिसाव्या वर्षी. हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ व्या आणि पेक्का रिने २५८ व्या क्रमांकावर निवडले गेले. वेझिना दोघांनीही मिळवली. टिम थॉमस १९९४ मध्ये निवडला गेला खरा, पण फिनलंड, स्वीडन आणि दुय्यम लीगमध्ये वर्षे काढून बोस्टनच्या गोलात कायमचा उभा राहिला तो तिशी ओलांडल्यावर. २०११ मध्ये बोस्टनने लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप जिंकला, तेव्हा प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू होता ३७ वर्षांचा थॉमस. फटक्याआधी खेळ वाचण्याचे कसब अनुभवानेच मुरते आणि अठराव्या वर्षी ते पारखता येत नाही.

गैरसमज ५: राखीव गोलरक्षक फुकटचा पगार घेतो.

वस्तुस्थिती: ३२ संघ, प्रत्येकी दोन गोलरक्षक, म्हणजे जगभरातून सामन्याच्या पोशाखात बसायच्या जागा फक्त ६४. त्यांतल्या निम्म्यांना त्या दिवशी बहुधा खेळायलाच मिळत नाही. तरी सरावात फटके झेलणे आणि मुख्य गोलरक्षक जखमी झाला तर अंग गार पडलेले असतानाही उतरणे, हे दुसऱ्याचे काम. २२ फेब्रुवारी २०२० रोजी टोरांटोत कॅरोलायनाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले, तेव्हा आपत्कालीन यादीतला ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स उतरला. पहिले दोन फटके आत गेले, नंतरचे आठ त्याने अडवले आणि कॅरोलायना ६-३ ने जिंकली.

जागा मोजक्या आणि पिकायला लागणारा काळ मोठा, असा हा पेशा आहे. विशीत नाव झाले नाही म्हणून यातल्या कोणाला मोडीत काढू नये, आणि पहिल्या हंगामातल्या आकड्यांवरून कोणाला डोक्यावरही घेऊ नये.