पडद्याखालची जमीन

पुण्यात मंडईला गाडी घेऊन जाणारा माणूस ती ‘आर्यन’ला लावतो आणि तिथे जागा नसली की ‘मिनर्व्हा’ला. ही महापालिकेच्या वाहनतळांची नावे. त्याआधी दोन्ही थिएटरांची होती. त्यातले आर्यन हे पुण्यातले पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह. गंगाधर नथुजी पाठक यांनी ते १९१५मध्ये सुरू केले, म्हणजे फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर अवघ्या दोन वर्षांनी. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी इथेच लागली आणि ती पाहून लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमाकेसरी’ ही पदवी दिली. मूकपटापासून रंगीत बोलपटापर्यंत सगळे पचवून आर्यन १९८३मध्ये बंद झाले, पाडले गेले, आणि जिथे प्रेक्षक बसत तिथे गाड्या लागू लागल्या.

थिएटरे का पडली, याचे उत्तर सगळ्यांना तोंडपाठ असते: टीव्ही आला, व्हिडिओ आला, मल्टिप्लेक्स आले, प्रेक्षक फिरकेनासा झाला. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. प्रेक्षक कमी झाला की थिएटर तोट्यात जाते. तेवढ्याने इमारतीवर कुदळ पडत नाही. कुदळ पडते ती खालच्या जमिनीला वरच्या धंद्यापेक्षा जास्त किंमत येते तेव्हा. आर्यनचे वर्षच बघा. देशातले पहिले मल्टिप्लेक्स १९९७मध्ये दिल्लीत उघडले, तेव्हा आर्यन जाऊन चौदा वर्षे झाली होती. टीव्हीचे म्हणाल तर मुंबई दूरदर्शन १९७२पासून होते आणि त्यानंतरही दशकभर आर्यनचे खेळ चालूच होते. मंडईसारख्या गजबजलेल्या ठिकाणी शहराला त्या जागेत आता गाड्या हव्या होत्या.

थिएटरची इमारत मुळातच अडेलतट्टू. उतरती जमीन, दोन मजल्यांएवढे उंच छत, बाल्कनी, खिडक्यांचा पत्ता नाही. त्यात ना शाळा भरवता येते ना दुकाने काढता येतात. प्रोजेक्टरची खोली भक्कम भिंतींनी वेगळी काढलेली, कारण १९५०च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेटची फिल्म भसकन पेट घेई. १९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने परवाना आणि आगीपासूनची सुरक्षितता एकत्र बांधली ती याच धास्तीने. म्हणजे बाजारपेठेतला मोक्याचा अख्खा प्लॉट अडवायचा आणि त्यावर दिवसाला तीन-चार खेळ लावायचे, एवढाच त्या इमारतीचा उपयोग. त्यातून येणाऱ्या तिकिटाच्या पैशांतही सरकारचा वाटा होताच. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३चा आहे. पुढे मुंबईत हा कर ४५ टक्क्यांपर्यंत गेला. आणि २००१मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्ससाठी धोरण आणले, त्यात पहिली तीन वर्षे करमणूक कर पूर्ण माफ आणि पुढची दोन वर्षे फक्त पाव भाग. जुन्या थिएटरवाल्याने कर भरायचा, शेजारी उभ्या राहिलेल्या नव्याने भरायचा नाही, अशी ही शर्यत होती. तिला निव्वळ प्रेक्षकांची आवड म्हणणे मला पटत नाही.

यावर कोणी म्हणेल की जुनी थिएटरे घाणेरडी होती, खुर्च्यांत ढेकूण होते, बायकामुलांना घेऊन जायची सोय नव्हती. खरे आहे. पण खुर्च्या बदलायला, एसी बसवायला पैसा लागतो, आणि आज ना उद्या प्लॉट विकायचाच आहे हे ज्याला कळून चुकले तो मालक छताची गळतीसुद्धा काढत नाही. म्हणजे ढेकूण हे बऱ्याचदा कारण नसून परिणाम होते.

यापेक्षा अवघड प्रश्न तंबूंचा आहे. टुरिंग टॉकीजला कुठे होती जमीन? जत्रा आली की तंबू ठोकायचा, संपली की ट्रकमध्ये भरायचा. तरीही तंबू गेलेच ना? नेवासे तालुक्यातल्या सोनईचा विचार करा. मुळा सहकारी साखर कारखान्याचे गाव, शेजारी शनिशिंगणापूर. असल्या गावांच्या टापूत सिनेमा फिरला तो मुख्यतः जत्रांच्या मागे, तंबूतून. खाली सतरंजी नाहीतर नुसती माती, मागे जनरेटरची घरघर, रीळ तुटले की शिट्ट्या. सोयींवरच प्रेक्षक ठरत असता तर तंबू सगळ्यात आधी उठायला हवे होते. घडले उलटे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाला २०१६मध्ये कान महोत्सवात गौरवले गेले. महाराष्ट्रातल्या जत्रांत फिरणारे तंबू त्यात दिसतात. म्हणजे पुण्याचे पक्के आर्यन भुईसपाट होऊन पाव शतक उलटले तरी तंबू उभा राहतच होता. त्याला घरघर लागली ती प्रामुख्याने रिळांच्या पेट्या यायच्या बंद झाल्या आणि महागडा डिजिटल प्रोजेक्टर घेणे भाग पडले म्हणून. घरोघरच्या टीव्हीनेही त्याचा प्रेक्षक नेला, हे मान्यच करायला हवे. पण तंबूचे दुखणे वेगळे आणि इमारतीचे वेगळे. दोघांना ‘सिनेमाचे दिवस गेले’ या एकाच शेऱ्याखाली निकालात काढले की इमारतीमागचा जागेचा व्यवहार दिसेनासा होतो.

हा व्यवहार सरकारला कळत नव्हता असेही नाही. मुंबईच्या विकास नियमांत थिएटर पाडून नवी इमारत बांधायची तर जुन्या आसनसंख्येच्या किमान एक तृतीयांश आसनांचे चित्रपटगृह तिथे ठेवण्याची अट आली. खेळ चालत नाही एवढेच दुखणे असते तर अशी अट घालायचे कारण काय होते? लालबागच्या ‘भारतमाता’चे उदाहरण तर आणखी बोलके आहे. गिरणगावातले हे मराठी सिनेमाचे हक्काचे थिएटर. त्याच्यावर टांगती तलवार आली तेव्हा वाद चालला तो जागेचा, कारण ते राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातल्या गिरणीच्या जमिनीवर उभे होते.

मात्र एक तृतीयांशाची अटही अपुरीच. तिने खुर्च्या वाचतात. पुढच्या रांगांमधले स्वस्त तिकीट वाचतेच असे नाही. मॉलच्या वरच्या मजल्यावर दोनशे-तीनशे खुर्च्यांचे एसी थिएटर झाले की नियमाची पूर्तता होते, आणि पिटात बसणारा हमाल, भाजीवाला, गिरणीतला कामगार त्या हिशेबात कुठेच धरलेला नसतो.