ग्राफिक्स कार्डाचे शीतन : जुन्या हीटसिंकचा उपयोग व त्याच्या मर्यादा

बंगळूर येथील सादर पत्रप्पा रस्ता, म्हणजेच लोकांच्या तोंडचा एस. पी. रोड, हा संगणकाच्या सुट्या भागांचा प्रसिद्ध बाजार होय. नव्या भागांबरोबरच जुन्या यंत्रांतून उतरविलेले भागही तेथे मिळतात. ग्राफिक्स कार्डाचा पंखा बंद पडला आणि त्याच जातीचा दुसरा मिळेनासा झाला, की पडून असलेला प्रोसेसरचा हीटसिंक कार्डावर बसवावा, असा विचार अनेकांच्या मनात येतो. हा विचार शास्त्रदृष्ट्या चुकीचा नाही. मात्र तो अपुरा आहे. त्यातील उणीव दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चिपला पुरविलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. हीटसिंक ही उष्णता नाहीशी करीत नाही. ती विस्तृत पृष्ठभागावर पसरवून हवेच्या स्वाधीन करतो. चिपपासून हवेपर्यंतचा एकूण उष्णतारोध दर वॅटमागे ०.५ अंश सेल्सिअस आहे असे मानू. कार्डाची चिप ८० वॅट शक्ती वापरीत असेल, तर ती सभोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी अधिक तापेल. पेटीतील हवा ३५ अंश असल्यास चिप ७५ अंशांवर जाईल. चांगल्या प्रोसेसर-हीटसिंकला एवढे कार्य सहज साधते.

परंतु हा हिशेब खरा ठरण्यास दोन्ही पृष्ठभागांचा संपर्क निर्दोष असावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे नऊ हजार पटींनी कमी असते. म्हणून जुनी पेस्ट पूर्णपणे पुसून नव्या थर्मल पेस्टचा पातळ थर द्यावा. पेस्टचे काम सूक्ष्म फटींतील हवा हुसकावण्याचे आहे. जाड थर दिल्यास तोच अडथळा होतो.

यापुढील अडचण बसविण्याची. इंटेलच्या ७७५ सॉकेटच्या हीटसिंकसाठी मदरबोर्डवरील छिद्रांच्या केंद्रांत ७२ मिलिमीटर अंतर असते; ग्राफिक्स कार्डांवरील अंतर बहुधा याहून कमी व कार्डागणिक निराळे असते. तेव्हा मोजमाप घेऊन धातूची जोडपट्टी तयार करावी. कार्डाला नवे छिद्र मुळीच पाडू नये, कारण त्याच्या थरांतून विजेचे मार्ग गेलेले असतात. शिवाय प्रोसेसरवर बहुधा धातूचे संरक्षक झाकण असते, तर ग्राफिक्स चिप बहुधा उघडी असते. एका बाजूचा स्क्रू अधिक आवळल्यास तिची कड तुटू शकते. म्हणून स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडेथोडे आवळावेत. उभ्या पेटीत कार्ड आडवे असते व हीटसिंक त्याच्या खालच्या अंगास लोंबतो. यास्तव जड हीटसिंकला स्वतंत्र आधार द्यावा.

आता मूळ मुद्दा. कार्डावर मुख्य चिपच तेवढी तापते असे नाही. तिच्याभोवतीच्या मेमरी चिप आणि वीज नियंत्रित करणारे मॉस्फेट हेही तापतात. अनेक कार्डांत मूळ शीतकाची पट्टी त्यांना टेकलेली असते, किंवा पंख्याचा वारा त्यांवरून जात असतो. शीतक काढताच हे दोन्ही आधार तुटतात. पुष्कळ कार्डांत संगणकाच्या पडद्यावर केवळ मुख्य चिपचेच तापमान दिसते. ते घटलेले पाहून आपण निश्चिंत होतो, आणि तिकडे मॉस्फेट मर्यादेबाहेर तापून कार्ड कायमचे निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून या भागांवर उष्णतावाहक चिकटपट्टीने अ‍ॅल्युमिनियमचे लहान हीटसिंक चिकटवावेत व वारा त्यांपर्यंत पोचेल अशी योजना करावी. सैल पडलेला तुकडा विजेचे दोन मार्ग जोडू शकतो, याचेही भान असावे. प्रोसेसरच्या पंख्याची जोडणी कार्डाच्या जोडणीहून भिन्न असल्यास ती मदरबोर्डवर द्यावी; मात्र पंख्याची गती मग कार्डाच्या तापमानानुसार बदलत नाही, म्हणून ती प्रथमपासूनच पुरेशी ठेवावी.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ असल्याने तोच पंखा तेवढ्याच गतीने तुलनेने कमी हवा वाहून नेतो. सौम्य हवामानामुळे ही उणीव बरीचशी भरून निघते. तथापि उन्हाळ्यातील दुपार हीच खरी कसोटी समजावी. प्रथम थोडा वेळ हलके काम देऊन, नंतर भार वाढवीत तापमान पाहावे.

एवढी काळजी घेतल्यास भंगारात जाणारे कार्ड पुन्हा कामास येते. मात्र मुख्य चिपवरील आकडा उतरला म्हणजे काम संपले, असे मानू नये; ज्या भागांचा आकडा दिसत नाही, त्यांची व्यवस्था झाल्यावरच पेटीचे झाकण लावावे.