आईकडून आलेले एक अक्षर

नोव्हेंबर २०२४मध्ये ‘नॅफिथ्रोमायसिन’ हे नवे भारतीय प्रतिजैविक जाहीर झाले. न्यूमोनियावरचे औषध, दिवसातून एकदा, तीनच दिवस घ्यायचे. ते आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्रातून आलेले, त्यामुळे शहराला अभिमान वाटला तर नवल नाही. माझा अभ्यासविषय आरएनए, म्हणून मला मात्र एक जुनाच प्रश्न पुन्हा आठवला. हे औषध जिवाणूच्या ज्या भागावर घाव घालते, तसाच भाग आपल्या पेशींतही आहे. मग आपण कसे वाचतो?

तो भाग म्हणजे रायबोझोम, प्रथिने बनवणारे यंत्र. त्याचा गाभा आरएनएचा असतो. घरोघरी माहीत असलेले ॲझिथ्रोमायसिन आणि त्याच्या कुळात शोभणारे हे नवे औषध या आरएनएला चिकटून प्रथिनाची बाहेर पडायची वाट अडवतात. आता आपली तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, घ्या. तिचा पूर्वज जिवाणूच. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी तो दुसऱ्या पेशीत शिरला, तिथलाच झाला, तरी त्याने थोडा संसार वेगळा ठेवला: स्वतःचे रायबोझोम, १६,५६९ अक्षरांचा डीएनए आणि अवघी ३७ जनुके. त्यांतली १३ प्रथिनांची, उरलेली २४ केवळ आरएनएसाठी. शाळेत ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ एवढेच पाठ करून आपण पुढे जातो, ते मला नेहमी अपुरे वाटते.

आपल्याला वाचवते ते एक अक्षर. जिवाणूच्या मोठ्या रायबोझोमल आरएनएत २०५८व्या जागी ‘ए’ असतो. या कुळातल्या औषधांची मुख्य पकड तिथे बसते. आपल्या तंतुकणिकेत त्याच जागी ‘जी’ आहे. पकड निसटते.

पण एक अक्षर तारते, तसे दुसरे बुडवूही शकते. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन ही औषधे रायबोझोमच्या लहान भागातल्या आरएनएला धरतात. आपल्या तंतुकणिकेच्या त्या आरएनएत १५५५व्या जागी सहसा ‘ए’ असतो. काही घराण्यांत तिथे ‘जी’ असतो, हे १९९३मध्ये उजेडात आले. एवढ्या बदलाने त्या जागेची घडण जिवाणूसारखी होते आणि औषध आपल्याच पेशीला शत्रू समजते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ही औषधे जास्त दिली तर कोणाचेही कान बिघडू शकतात. या घराण्यांत मात्र नेहमीच्या मात्रेनेही कायमचे बहिरेपण येऊ शकते.

क्षयावर पुन्हा उपचार घ्यावे लागणाऱ्यांना आपल्याकडे वर्षानुवर्षे दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने देत. आता त्या सुया जवळपास गेल्या. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयावर लिनेझोलिडची गोळी आली, आणि तिने पुष्कळांचा जीव वाचवला आहे. पण तिच्यापासून आपल्या तंतुकणिकेला वाचवणारे तसे अक्षर कोणाकडेच नाही. गोळी महिनोन्‌महिने चालते, म्हणून रक्त कमी होणे, पायांची आग, मुंग्या, नजर मंदावणे हे त्रास दिसतात. अशक्तपणा समजून ते अंगावर काढू नयेत आणि गोळी परस्पर बंदही करू नये. डॉक्टरांना लगेच सांगितले, तर त्यांना मात्रा बदलता येते.

नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात मात्र जेंटामायसिन आणि अमिकासिन आजही हाताशी लागतात. रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला तासाभरात औषध जायला हवे. जनुकतपासणीच्या अहवालासाठी दिवसचे दिवस थांबणे शक्य नसते. यावर मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या रुग्णालयांत एक तोडगा निघाला. बाळाच्या गालाच्या आतून बोळा फिरवायचा, छोट्या यंत्रात घालायचा. २६ मिनिटांत १५५५वे अक्षर कळते. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७५१ बाळे होती. तिघांत ‘जी’ सापडला आणि त्यांना दुसरे प्रतिजैविक दिले गेले.

हे यंत्र हाताशी नसेल, तिथे निदान एक प्रश्न विचारता येतो: बाळाच्या आईकडे कोणाला इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासे झाले होते का? उत्तर ‘हो’ असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे पर्यायी औषधाचा विचार करता येतो. तंतुकणिका आईकडूनच मिळते, म्हणून आजी, मावशी, मावशीची मुले, मामा यांची चौकशी करायची. मामाच्या मुलांची नको. त्यांची तंतुकणिका मामीकडची.