मृत्युपत्र व वारसा-प्रकरणांतील विधिज्ञ

मृत्युपत्र तयार करणे, मृत्युपत्रकर्त्याच्या निधनानंतर ते न्यायालयात शाबीत करणे, मृत्युपत्र नसल्यास वारसांचे हक्क प्रस्थापित करणे आणि मृताची देणी भागवून उर्वरित संपदेची वाटणी करणे, या कामी ज्याचे साहाय्य घेतले जाते असा अधिवक्ता. या कामासाठी निराळी सनद नसते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये राज्य विधिज्ञ परिषदेच्या पटावर नाव असलेला कोणीही अधिवक्ता ते करू शकतो. व्यवहारात मात्र दिवाणी बाजूकडे व्यवसाय करणाऱ्या विधिज्ञांकडेच ते जाते.

मृत्युपत्र लिहिण्यासाठी विधिज्ञ नेमलाच पाहिजे, असे बंधन भारतात नाही. ते साध्या कागदावर लिहिता येते, त्यास मुद्रांकशुल्क लागत नाही व नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे त्याची नोंदणीही ऐच्छिक आहे. कर्त्याने सही वा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष आपापल्या सह्या कराव्यात, एवढी अपेक्षा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ मध्ये आहे. या सोपेपणामुळे पुष्कळ मृत्युपत्रे दस्तलेखकाकडून किंवा घरीच उतरविली जातात आणि त्यांतील दोष कर्ता हयात नसताना उघडकीस येतात. साक्षीदार कर्त्याहून वयाने मोठे असणे, मिळकतीचे वर्णन सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेशी न जुळणे, एखाद्या मुलीस का वगळले याचा उल्लेखच नसणे, हे नेहमी आढळणारे प्रकार होत. ज्याला लाभ मिळावयाचा त्यानेच साक्षीदार म्हणून सही करण्याचा प्रकारही विरळा नाही. ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रात अशा साक्षीदाराला दिलेले दान कलम ६७ मुळे निष्फळ होते. हिंदूंच्या मृत्युपत्रास ते कलम लागू नाही. तथापि दस्तऐवज संशयास्पद ठरण्यास असे कारण पुरेसे होऊ शकते. मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल आणि त्यालाच मोठा लाभ मिळत असेल, तर संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावरच पडते, हे सर्वोच्च न्यायालयाने वेंकटचल अय्यंगार खटल्यात (१९५९) स्पष्ट केले.

घाईने केलेल्या मृत्युपत्राचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, याचे महाराष्ट्रातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ताईमहाराज प्रकरण होय. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित हे ७ ऑगस्ट १८९७ रोजी निधन पावले. त्याच दिवशी केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे प्रभृतींवर आपल्या संपदेचा कारभार सोपविला आणि पुत्र नसल्यास पत्नीने विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी तरतूद केली. निधनानंतर जन्मलेला पुत्र अल्पकाळातच दगावला. जून १९०१ मध्ये औरंगाबाद येथे जगन्नाथ यास दत्तक घेण्यात आले. परंतु त्याच वर्षी ताईमहाराजांनी कोल्हापूरच्या घराण्यातील बाळामहाराज यांना दत्तक घेतले व या पक्षास कोल्हापूर दरबाराचे पाठबळ लाभले [⟶ दत्तक]. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केले. टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झाला व त्यातून ते १९०४ मध्ये उच्च न्यायालयात निर्दोष सुटले. दत्तकाचा दिवाणी दावा मात्र प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९१५ मध्ये जगन्नाथ यांच्या बाजूने निकालात निघाला. मृत्युपत्र करणाऱ्याच्या हेतूविषयी फारसा वाद नसतानाही दत्तकाच्या प्रश्नाभोवती ही झुंज रंगली, ही गोष्ट विधिज्ञाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे.

विधिज्ञाचे पहिले काम लेखनाचे नसून चौकशीचे असते. कोणती मिळकत मृत्युपत्राने देता येते आणि कोणती येत नाही, हे त्याला आधी ठरवावे लागते. कोल्हापुरातील शाहूपुरी ही छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेली व्यापारपेठ या दृष्टीने बोलकी आहे. खाली दुकान व वर बिऱ्हाड, जुनी भाडेकरारावरील पेढी, भावाभावांची भागीदारी, गावाकडे उसाची जमीन आणि बँकेत ठेवी, अशी संमिश्र संपदा येथील व्यापारी कुटुंबांत असणे स्वाभाविक आहे. पण या प्रत्येकीचा कायदा वेगळा आहे. भाड्याच्या दुकानाची भाडेदारी मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे ती, मृत्युसमयी त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे आणि तसा कोणी नसल्यास आपसात किंवा न्यायालयाकडून ठरेल त्या वारसाकडे जाते. भागीदारीच्या करारात अन्यथा तरतूद नसल्यास एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. कुळकायद्याने मिळालेली शेतजमीन शेतकरी नसलेल्यास मृत्युपत्राने देण्यास २०२० च्या विनोदचंद्र कपाडिया निर्णयाने प्रतिबंध आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील स्वतःचा हिस्सा हिंदू व्यक्तीस १९५६ पासून मृत्युपत्राने देता येतो. मात्र तो हिस्सा किती, हे ठरविताना २००५ च्या सुधारणेने मुलींना मिळालेला समान हक्क विचारात घ्यावा लागतो. बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारण्यापुरती असून ती मालक ठरत नाही, हेही अशिलास बहुधा प्रथम विधिज्ञाकडूनच कळते.

निधनानंतरच्या कामात प्रोबेटविषयी मोठा गैरसमज आढळतो. हिंदूंच्या मृत्युपत्रास प्रोबेट घेण्याची सक्ती मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांशी संबंधित मृत्युपत्रांपुरती होती; कोल्हापूरच्या मिळकतीस ती कधीच लागू नव्हती. ज्या कलम २१३ मुळे ही सक्ती होती, ते कलमही निरसन आणि सुधारणा अधिनियम, २०२५ ने वगळले गेले. प्रोबेट ऐच्छिक म्हणून मात्र अजूनही घेता येते आणि वारसांत वाद असल्यास ते घेणे हिताचे असते. त्यासाठीचा अर्ज मृताचे कायम वास्तव्य किंवा मिळकत ज्या जिल्ह्यात असेल तेथील जिल्हा न्यायाधीशांकडे करावा लागतो. हरकत घेतली गेल्यास अर्जाचे रूपांतर दाव्यात होते. मृत्युपत्र खरे की खोटे एवढेच हे न्यायालय पाहते. मिळकत मूळची कोणाची, हा प्रश्न तेथे सुटत नाही. मृत्युपत्र नसल्यास येणी व रोखे यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र आणि वारस म्हणून मान्यतेसाठी १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालील वारस प्रमाणपत्र, हे दोन मार्ग आहेत. जमिनीच्या फेरफाराची नोंद महसुली स्वरूपाची असून तिने मालकी सिद्ध होत नाही. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील अपिलांसाठी पूर्वी मुंबईस जावे लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाल्याने तो खर्च व हेलपाटा वाचला आहे.

विधिज्ञ निवडताना त्याने लढविलेल्या वारसा-प्रकरणांचा अनुभव विचारणे योग्य. केवळ खरेदीखते करणाऱ्यास या शाखेचा सराव असेलच असे नाही. कर्त्याशी त्याने एकांतात बोलावे, हेही आवश्यक असते, कारण लाभ घेणाऱ्या मुलाने आणलेला वकील वृद्धाची इच्छा ऐकण्याऐवजी मुलाचीच लिहून घेण्याचा धोका असतो. मसुदा करणारा विधिज्ञ साक्षीदार म्हणून सही करू शकतो. तथापि पुढे त्याला साक्ष द्यावी लागणार असल्याने त्याच प्रकरणात वकील म्हणून उभे राहणे शिस्तीस सोडून ठरते. मिळणाऱ्या संपदेतील हिस्सा मागणारे किंवा निकालावर अवलंबून ठेवलेले मानधन भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी निषिद्ध आहे. मानधन आधीच ठरवून घ्यावे, पावती घ्यावी आणि मूळ मृत्युपत्र स्वतःजवळ वा सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवावे. मानधन थकल्याच्या कारणावरून वकिलास अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० मधील निर्णय आहे. खर्च न झेपणाऱ्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य वकील मागता येतो. स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्तींना यासाठी उत्पन्नाची अट नाही. पतीच्या निधनानंतर दीरांशी वाटणीचा वाद करणाऱ्या विधवेस याचा विशेष उपयोग होतो.

मृताची मिळकत गोव्यातही असल्यास तेथील वारसा-कायदा निराळा असल्याने स्थानिक विधिज्ञाची गरज पडते. तेथे संपदेचा ठराविक भाग वारसांसाठी राखीव असून तो मृत्युपत्राने हिरावता येत नाही.