गाडीत ॲम्बियंट लाइट स्वतः बसवताय? आधी फ्यूजचं बोलू



ॲम्बियंट लाइटचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय. "दादा, किट ऑनलाइन मागवलंय, घरीच बसवू का?" बसवा की. ज्याला मिक्सरचा प्लग बदलता येतो आणि ज्याच्याकडे एक रविवार मोकळा आहे, त्याला हे काम जमतं. पट्टी कशी दाबायची, ॲपवर रंग कसा बदलायचा ते व्हिडिओत बघितलंच. पण करंट कुठून घ्यायचा आणि फ्यूज कितीचा टाकायचा हे सगळं डॅशखाली अंधारात घडतं, कॅमेऱ्यात नीट येत नाही. म्हणून ते इथे सविस्तर लिहितोय.

आधी माझीच चूक सांगतो. दुकान सुरू केलं त्याच वर्षी एका हॅचबॅकमध्ये पायाखालचे चार लाइट बसवले. करंट घेतला मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटच्या वायरवरून. सॉकेटला १५ अँपिअरचा फ्यूज आहेच, मग वेगळा कशाला, असा माझा हिशोब. आठ दिवसांनी त्या गिऱ्हाईकाचा फोन आला, गाडीत जळल्याचा वास येतोय. मागच्या सीटवर त्यांची मुलगी होती. त्यांनी लगेच गाडी बाजूला घेतली, चावी काढली आणि सगळे खाली उतरले, म्हणून थोडक्यात निभावलं. दुकानात येऊन कार्पेट उचललं तर माझी वायर सीटच्या रेलखाली दबून सोललेली. हातभर वायरचं प्लास्टिक वितळून कार्पेटला चिकटलेलं. आणि फ्यूज? शाबूत! मजुरी घेतली होती ८०० रुपये, भरून दिले ९,०००. पैशाचं सोडा, त्या मुलीच्या आईशी बोलताना मान वर होत नव्हती.

आता फ्यूज शाबूत कसा राहिला ते समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. फ्यूज हा लाइटला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. सॉकेटचा १५ चा फ्यूज हा कंपनीने टाकलेल्या जाड वायरच्या हिशोबाने दिलेला असतो. तुमच्या किटमधली वायर शेवयांसारखी बारीक. ती सोलली आणि सीटच्या लोखंडाला धड टेकतही नाही, धड सुटतही नाही अशी राहिली, तर तिच्यातून आठ-दहा अँपिअर वाहू शकतात. १५ च्या फ्यूजला त्यात काही वावगं वाटत नाही, तो शांत बसतो. बारीक वायर मात्र तापत जाते. म्हणजे फ्यूज "आहे" एवढं पुरत नाही, तो तुमच्या वायरच्या मापाचा पाहिजे आणि जिथून करंट घेतला तिथेच, अगदी तोंडाशी पाहिजे. लाइटजवळ फ्यूज लावला तर त्याच्या आधीची सगळी वायर उघड्यावरच राहिली ना.

माप काढायला गणित सोपं आहे. वॅट भागिले व्होल्ट. बाजारात मिळणारी साधी ५०५० एलईडी पट्टी, मीटरला ६० दिव्यांची, पूर्ण पांढऱ्या रंगावर मीटरला साधारण १४.४ वॅट खाते. पायाखाली ३० सेंटिमीटरचे चार तुकडे लावले तर १.२ मीटर, म्हणजे सुमारे १७ वॅट. भागिले १२, जवळपास दीड अँपिअर. इथे ३ चा फ्यूज बास झाला, रंगाने जांभळा. डॅशची बारीक ॲक्रिलिक पट्टी तर याहून कमी खाते. कुणी म्हणालं "१० चा टाक, उडायची कटकट नको", तर त्याचं ऐकू नका. आणि पाच मीटरचा अख्खा रोल गाडीभर फिरवायचा विचार असेल तर ७२ वॅट, ६ अँपिअर होतात. किटच्या वायरचं ते काम नाही, आणि खरं सांगू, दिसतंही लग्नाच्या मांडवासारखं.

करंट घ्यायला फ्यूज टॅप वापरा. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात सहज मिळतो. यात वायर कापावी लागत नाही. मूळ फ्यूज काढायचा, त्या जागी टॅप बसवायचा, टॅपमध्ये खालच्या घरात मूळ फ्यूज परत टाकायचा आणि वरच्या घरात आपला ३ चा. फ्यूजचा आकार बघून टॅप घ्या, मिनी, लो प्रोफाइल आणि मायक्रो हे तिन्ही वेगळे असतात. एकाच्या जागी दुसरा ठोकून बसवला की खाच सैल होते.

टॅप दोन्ही दिशांनी बसतो, पण बरोबर दिशा एकच. ओळखायचं असं. मूळ फ्यूज टॅपमध्ये टाकूच नका, फक्त आपला ३ चा टाका, चावी ऑन करा आणि टॅपच्या लाल वायरवर मल्टिमीटर लावा. १२ च्या आसपास व्होल्ट आले तर दिशा बरोबर. शून्य आलं तर टॅप उलटा करा. उलट्या टॅपवरही लाइट लागतात, म्हणून फसायला होतं, पण तेव्हा तुमचा लोड मूळ फ्यूजच्याही डोक्यावर बसलेला असतो.

कुठला फ्यूज निवडायचा? सॉकेट किंवा म्युझिक सिस्टिमचा. एअरबॅग, एबीएस, ईसीयू, स्टेअरिंग, फ्युएल पंप यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे किंवा गाडीच्या पुस्तकात नकाशा असतो. चावी बंद केल्यावर त्या जागी शून्य व्होल्ट आले पाहिजेत. पुश बटणच्या गाडीत काही सर्किट लॉक केल्यावर थोड्या वेळाने झोपतात, म्हणून लॉक करून पंधरा मिनिटांनी परत मोजा. हे न बघता कायम चालू असलेल्या फ्यूजवर जोडलं तर काय होईल? दीड अँपिअरचे लाइट रात्री बारा तास चालू राहिले की १८ अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची असते. सकाळी सेल्फ फक्त टक टक करणार.

मोजमाप झालं की चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा, दहा मिनिटं थांबा आणि मगच पॅनेल उघडा. अर्थिंगसाठी डॅशखाली थेट बॉडीत गेलेला बोल्ट शोधा, वायरला थिंबल मारा आणि कसून आवळा. रंगावर थिंबल बसवलं तर लाइट लुकलुकतात आणि लोक किटला शिव्या देतात.

आता वायर कुठून न्यायची. पिवळा कपलर किंवा पिवळी स्लीव्ह दिसली की ती एअरबॅगची वायर, तिला सोडवायचं नाही, तिच्यावर मल्टिमीटरही लावायचा नाही. बऱ्याच गाड्यांत असे कपलर सीटखाली असतात. पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत पिलरच्या पट्टीमागून आणि छताच्या कडेने वायर नेऊ नका. एअरबॅग तिथूनच फुटून बाहेर येते. मागच्या सीटकडे जायला दरवाज्याच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी असते, तिच्याखालून कंपनीच्या वायरिंगच्या सोबतीने जा. सीटच्या रेलपासून लांब. वायर टाकून झाली की सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे करून बघा. माझे ९,००० एवढ्यासाठीच गेले.

ड्रायव्हरच्या पायाखाली तर कंट्रोलर आणि वायर झिप टायने बांधाच. नुसत्या डबल टेपवर विसंबू नका. लोंबणारी वायर ब्रेक किंवा क्लचच्या पॅडलमध्ये अडकली तर काय होईल ते सांगायची गरज नाही. जोडाला साधी पीव्हीसी टेपही नको, उन्हात तिचा डिंक सुटतो. हीट श्रिंक स्लीव्ह आणि वरून कापडी टेप.

दरवाज्यांचं काम पहिल्या गाडीवर करूच नका, असं माझं मत आहे. डोअर पॅड काढलं की आत एक प्लास्टिकचा पडदा असतो. दरवाज्यात पावसाचं पाणी येतंच, ते खालच्या भोकांतून निघून जातं, आणि हा पडदा ते पाणी आत येऊ देत नाही. नवशिक्याच्या हातून तो फाटतो. मग जूनमध्ये कार्पेट ओलं होतं आणि कुणाला कारण सापडत नाही. शिवाय वायर दरवाजा आणि बॉडीमधल्या रबरी नळीतूनच न्यावी लागते, नाहीतर दरवाजा उघडून-मिटून ती तुटते.

चिकटवण्याबद्दल एकच. जागा आधी डॅशबोर्ड पॉलिश काढून सर्जिकल स्पिरिटने पुसा, वाळू द्या, मग पट्टी. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभी असलेली गाडी भट्टी होते, पॉलिशवर लावलेली पट्टी तिसऱ्या दिवशी मांडीवर येते.

ब्राइटनेस अगदी कमी ठेवा. अंधाऱ्या रस्त्यावर निळा रंग पुढच्या काचेत उमटतो आणि समोरचं दिसत नाही. लाल-निळी उघडझाप चालू ठेवून तर फिरूच नका. लाल प्रकाश गाडीच्या पुढून दिसणं नियमात बसत नाही.

आणि जे मित्र हे शिकून चार पैसे कमवायचा विचार करतायत त्यांच्यासाठी. गिऱ्हाईक नव्या गाडीचं असेल तर वॉरंटीचं आधीच बोलून घ्या. कंपनीची वायर कापली की इलेक्ट्रिकल क्लेम नाकारायला कारण मिळतं, हे त्याला स्वच्छ सांगा. "शेजारचा ३०० मध्ये बसवून देतो" असं तो म्हणेल. तेव्हा फ्यूज टॅप आणि साधी जोडवायर त्याच्यासमोर काउंटरवर ठेवा, फरक दोन मिनिटांत समजावता येतो. दहापैकी तीन जण तरीही शेजारी जातील. जाऊ द्या.

काम झाल्यावर पॅनेल लगेच बंद करू नका. इंजिन चालू ठेवून लाइट पूर्ण पांढऱ्यावर अर्धा तास लावा, मग टॅप, जोड आणि कंट्रोलर हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका नको. शेवटी फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत छोटं स्टिकर लावा आणि कुठल्या जागी टॅप आहे, फ्यूज ३ चा आहे आणि आजची तारीख एवढं पेनाने लिहून ठेवा. उद्या गाडी दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडे गेली तर त्याला शोधत बसावं लागणार नाही.